कातळावरची सुई

नव्या मुलांना कंपास शिकवायचा तर मी त्यांना थेट गडावर नेत नाही. भातकापणी झाली की कर्जतजवळच्या एखाद्या रिकाम्या खाचरात उभं करतो. तिथून वायव्येला माथेरान, ईशान्येला पेठचा सुळका, आग्नेयेला ढाक. कंपास छातीशी आडवा धरायचा, पाटीवरचा बाण सुळक्यावर रोखायचा, डबी फिरवून तळाचा बाण सुईच्या लाल टोकाखाली आणायचा आणि अंश वाचायचे. नकाशावर त्या त्या टोकापासून उलट रेघा ओढल्या की छेदतील तिथे आपण. प्रत्यक्षात तिन्ही रेघा एका बिंदूत येत नाहीत, छोटासा त्रिकोण पडतो. त्यात माथेरान सर्वांत फसवं: लांबलचक पठार, नेमकं कुठलं टोक धरलं यावरच दोघांचं भांडण. पेठ मात्र सोन्यासारखा. एकच निमुळता सुळका, चुकायला जागाच नाही.

हे काम झटपट होतं ते डबीतल्या द्रवामुळे. कोरड्या डबीतली सुई पाळण्यासारखी झुलत राहते. द्रवातली दोन-चार सेकंदांत थांबते. या द्रवाला आपल्या हवेचा त्रास होतो. मे महिन्यात कंपास गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला की द्रव फुगतो, डबीच्या सांध्यावर ताण येतो, थोडा द्रव झिरपतो आणि गार झाल्यावर आत बुडबुडा दिसतो. मोहरीएवढा असेल तर खुशाल वापरा. वाटाण्याएवढा झाला आणि सुईला खेटू लागला की तो कंपास मुलांच्या खेळण्यात टाकावा.

परदेशातून कुणी आणून दिलेला कंपास आणखी एक गंमत दाखवतो. उत्तर युरोपात पृथ्वीच्या चुंबकाची ओढ जमिनीत 70 अंशांहून अधिक तिरपी शिरते, म्हणून तिथल्यासाठी केलेल्या सुईचं दक्षिण टोक जड ठेवतात. आपल्याकडे ही तिरपाई सुमारे 25 अंश. मग ते जड टोक इथे खाली झुकतं आणि डबीच्या तळाला घासतं. विकत घेताना सुई कुठल्या पट्ट्यासाठी तोललेली आहे ते विचारावं; दुकानदाराला बहुधा ठाऊक नसतं, तेव्हा डबी आडवी धरून आपणच पाहावं.

हे अंश मोजणारं ठिकाण आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या प्रवाहाने उपकरणं बिघडणार हे दिसत होतं. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, 1904 मध्ये, अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नवीला जोडता आली. ट्राम धावली 1907 मध्ये. आज ही वेधशाळा नवी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांत आपल्या भागात एक अंशाचाही फरक नाही. एक अंश चुकला तर किलोमीटरमागे साधारण 17 मीटर सरकतो, त्यामुळे तेवढ्यासाठी पायी भटकणाऱ्याने डोकं पिकवू नये.

डोकं पिकवावं ते पायाखालच्या दगडासाठी. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये लोहाचे चुंबकीय कण आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा गोठताना त्या काळची दिशा त्यांनी धरून ठेवली, आणि इथल्या पुष्कळ थरांत ती आजच्या उलटी आहे. शेतात याने फारसं बिघडत नाही, पण इर्शाळच्या नेढ्यासारख्या उघड्या कातळावर बिघडतं. माथ्यावर वीज पडली असेल तर तिथला कातळ अधिकच जोरदार चुंबक होऊन बसतो. म्हणून कातळावर कंपास टेकवायचा नाही, उभ्याने हातात धरायचा. लांबच्या एकाच टोकाचे अंश वाचून दहा-पंधरा पावलं सरकायचं आणि पुन्हा वाचायचे. आकडा हलला तर ती जागाच सोडायची. कॅराबिनर, कोयता आणि मोबाइल दुसऱ्याच्या हातात देऊन मगच सुईकडे बघायचं. चुंबकाचं बटण असलेलं मोबाइलचं पाकीट कंपासच्या खिशात ठेवलं तर सुई कायमची उलटतेसुद्धा. लाल टोक मजेत दक्षिण दाखवत राहतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात. आंबिवलीहून पेठच्या पठारावर चढलं की ढग उतरतो, सुळका पुसला जातो आणि गवतात ढोरवाटांचं जाळं उरतं. ठाकरवाडीतल्या मामांना याचं काहीच नसतं. पाण्याचा आवाज आणि पायाखालचा उतार यांवर ते सरळ निघतात, मी कंपास काढला की विचारतात, “ह्ये काय सांगतंय?” ते सोबत असतील तर मी त्यांच्याच मागे जातो. नसतील तेव्हा एकाला दिसेनासा होण्याच्या बेतापर्यंत पुढे पाठवायचं, मागच्याने कंपासवरून “डावीकडे, अजून थोडं, थांब” असं ओरडून त्याला रेषेत आणायचं, मग त्याच्यापाशी जाऊन पुन्हा तेच. वाट ओढ्याला जिथे मिळते त्या जागेवर नेम धरायचा नाही. मुद्दाम पाच-सात अंश डावीकडे धरायचं. ओढा लागला की वाट उजव्या हाताला आहे हे नक्की असतं.