सातबाऱ्यावरचं रान

रत्नागिरी-सिंधुदुर्गात गाडीतून जाताना दुतर्फा गर्द डोंगर दिसतात. हे सगळं वनखात्याचं असणार, असं परक्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात या दोन जिल्ह्यांत वनखात्याच्या ताब्यातली जमीन फार थोडी आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा, कुंभा यांचं हे रान कुणा ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतं. कुणाचं दोन एकर, कुणाचं दहा. त्यामुळे इथल्या जंगलाचं पुढे काय होणार, हे बहुतेक वेळा घराच्या पडवीत ठरतं.

ते कसं ठरतं? सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची नावं असतात. निम्मे वारस मुंबईला. रानातून वर्षाकाठी काही हाती लागत नाही. मग ठेकेदार येतो, झाडं न मोजता उक्ती रक्कम सांगतो आणि आठवड्याभरात कटर सगळा डोंगर उघडा करतो. लाकूड वीटभट्ट्यांना आणि घाटावरच्या कारखान्यांच्या बॉयलरला जातं. सात-दहा वर्षांनी तोच खेळ पुन्हा. खुंटांना फुटवे येतात, डोंगर हिरवा दिसतो आणि काही बिघडलं नाही असं वाटतं. पण हिरव्याचा पोत बदललेला असतो. ऐन-किंजळीच्या एकाच वयाच्या काठ्या तेवढ्या उरतात. ढोलीची जुनी झाडं, उंबर, पायरी, बेहडा पुन्हा त्या आकाराला येत नाहीत. महाधनेशाला घरटं करायला लागते ती अशीच जुनी ढोली. मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर फळं आणून भरवतो. ढोलीही नाही आणि उंबरही नाही, तर तो तिथे राहणार कशाला?

कागद आधी, कोयता नंतर

झाड आपलं असलं तरी तोड आपल्या मर्जीची नसते. महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस, खैर, बिबळा अशी झाडं येतात आणि त्यांच्या तोडीला परवानगी लागते. बेहडा मूळ यादीत नाही, म्हणून तोच आधी जातो. दुसरा कायदा 1975 चा, खासगी वनं संपादन करण्याचा. तो 30 ऑगस्ट 1975 ला अमलात आला. जुन्या फेरफारात ‘खासगी वन’ अशी नोंद असेल तर मालकीचाच प्रश्न उभा राहतो. शिवाय 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मालकी कुणाचीही असो, जंगल ते जंगलच. तेव्हा तलाठ्याकडचे जुने फेरफार काढा, वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा, मगच पुढचं बोला. गावानुसार न्यायालयाचे आदेश आणि संवेदनशील क्षेत्राचे नियमही वेगळे असतात.

राखणं म्हणजे हात न लावणं नव्हे

सरपण, वासे, कुंपणाच्या मेढी घराला लागतातच. समजा पाच एकर रान आहे. त्याचे दहा तुकडे पाडा आणि दर वर्षी एकाच अर्ध्या एकरात तोड करा. पहिल्या तुकड्याची पाळी पुन्हा येईपर्यंत दहा वर्षं जातात. त्या तुकड्यातही जून झाडं, ढोलीची झाडं, वड-उंबर-पायरी आणि बेहडे यांना आधी रंगाचा पट्टा मारा. पट्ट्याच्या झाडाला हात लावायचा नाही, हे तोडणाऱ्याला आधीच सांगा. वहाळाच्या दोन्ही काठांना तोड नकोच.

तोड कशी केली यावर पुढची दहा वर्षं अवलंबून असतात. ऐनाचा खुंट जमिनीलगत ठेवावा आणि काप तिरका घ्यावा, म्हणजे वर पाणी साचत नाही. साल सोलवटता कामा नये, कारण सालीखालूनच फुटवे येतात. नवी पालवी येण्याआधी तोडलं तर फुटवा जोमदार. पावसात एका खुंटाभोवती डझनभर कोंब दाटीने येतात. वर्षभराने त्यातले बुंध्याशी खालून आलेले दोन-तीन सरळ कोंब ठेवावेत, बाकीचे कोयत्याने छाटावेत. न छाटलेला खुंट झुडूप होऊन बसतो.

पाऊस संपला की रानमोडी फुलायच्या आत मुळासकट उपटायची. जमीन ओली असताना ती सहज निघते. शिमग्याच्या आधी हद्दीने जाळरेषा काढायची, म्हणजे वाळका पाला आणि गवत ओढून जमीन उघडी ठेवायची. वणवा बहुधा शेजारच्या बांधावरून किंवा रस्त्याच्या कडेने येतो. रोपं लावायची घाई नको. आगीपासून वाचवलेल्या रानात जांभूळ-बेहड्याची रोपं आपोआप येतात. त्यांच्याभोवतीचं गवत काढलं तरी पुष्कळ.

पैसा आणि बेहडा

रान राखायचं तर त्यातून काही मिळालंही पाहिजे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वर भागात जमीनमालकांशी जंगल राखण्याचे करार केले. याच कामातून बेहड्याची फळं ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्रासह औषधी बाजारात जाऊ लागली. या पद्धतीत झाड उभं ठेवूनच फळं गोळा करायची आणि काही फळं पाखरांसाठी ठेवायची. त्रिफळ्यातल्या तिघांपैकी एक असलेला बेहडा असा उभ्यानेच कमावू लागतो. करवंद, शिकेकाई, रातांबे, मध यांनाही गिऱ्हाईक आहे. ही कमाई ठेकेदाराच्या उक्त्या रकमेइतकी एकदम मोठी नसते, पण ती दर वर्षी येते आणि झाड उभंच राहतं.

सर्वांत अवघड काम रानातलं नाही, भावकीतलं आहे. सामायिक सातबाऱ्यावर एका सहहिस्सेदाराला पैशांची नड लागली की सगळा डोंगर जातो. तेव्हा या दिवाळीत सगळे एकत्र जमाल, तेव्हा फराळानंतर सातबारा बाहेर काढा. कोणता तुकडा कधी तोडायचा, कोणती झाडं कधीच तोडायची नाहीत आणि नडीच्या वेळी पैसे कुठून उभे करायचे, हे लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. हा कागद कोर्टात किती टिकेल ते वकिलाला विचारा. घरात तो ठेकेदाराआधी तयार असला पाहिजे.