झोपेत सैल पडणारा हात

माझा पुतण्या आता एकतीस वर्षांचा आहे. जन्मानंतरच्या तीव्र काविळीतून त्याला सेरेब्रल पाल्सी झाली. पेला घ्यायला हात पुढे केला, की मनगट उलटे वळते आणि मान एका बाजूला ओढली जाते. तोच हात झोपेत अगदी सैल पडतो. वहिनी हे प्रत्येक डॉक्टरांना सांगत. फाइलीवर मात्र वर्षानुवर्षे एकच शब्द होता : ‘स्पॅस्टिक’. या दोहोंचा मेळ बसेना, म्हणून मी वाचू लागलो. मी डॉक्टर नाही. शब्दकोश शेजारी ठेवून जमेल तसे वाचत गेलो.

लंडनच्या विल्यम लिट्ल यांनी १८६२ मध्ये अवघड बाळंतपण आणि मुलांचे ताठर अवयव यांचा संबंध मांडला. ताठरता हीच या विकाराची ओळख होऊन बसली. ‘डिस्टोनिया’ हा शब्द बर्लिनच्या हर्मान ओपनहाइम यांनी १९११ मध्ये दिला, तोही एका वेगळ्या आजारासाठी.

ताठरतेत स्नायू जितक्या वेगाने ताणावा, तितका तो विरोध करतो. डिस्टोनियात हालचालीच्या नुसत्या इच्छेने, आनंदाने, भीतीने किंवा दुखण्यानेही स्नायू पिळवटतात. झोपेत ते निवळतात. मूळ इजा बहुधा मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लियात असते. तीव्र कावीळ नेमकी तिथे घाव घालते. पुष्कळांत ताठरता आणि डिस्टोनिया एकत्र असतात, म्हणून निदान चुकते. हा फरक केवळ शब्दांचा नाही. कण्याजवळचे काही मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया ताठरता घटवते. डिस्टोनियाला तिचा उपयोग होत नाही.

मग करायचे काय? आधी वेदनेचे मूळ शोधायचे : बद्धकोष्ठता, घशाशी येणारे अन्न, किडलेली दाढ, निखळलेला खुबा. ते बरे केले, की पीळही उतरू शकतो. पुढे बॅक्लोफेन, ट्रायहेक्सिफेनिडिल, गॅबापेंटिन अशी औषधे. त्यांनी गुंगी येते, काहींनी तोंड कोरडे पडते. बॅक्लोफेन एकाएकी थांबवले तर झटके येऊ शकतात. ठरावीक स्नायूंसाठी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने असतात; त्यांचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. त्रास सर्वांगाला असेल, तर पोटाच्या त्वचेखाली पंप बसवून बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. मेंदूत तारा बसवून सौम्य विद्युत्प्रवाह देण्याचाही उपाय आहे. पण आनुवंशिक डिस्टोनियात त्याचा जसा गुण येतो, तसा सेरेब्रल पाल्सीत खात्रीने येत नाही. पंप आणि तारा, दोन्हींत जंतुसंसर्गाचा धोका असतो. यांतले काहीही मूळ इजा भरून काढत नाही, आणि बहुतेक उपायांमागचा पुरावा लहान अभ्यासांचा आहे.

एक अपवाद प्रत्येक पालकाला ठाऊक हवा. जपानच्या मासाया सेगावा यांनी १९७० च्या दशकात वर्णिलेला आजार सेरेब्रल पाल्सीसारखाच दिसू शकतो. मूल सकाळी बरे असते, संध्याकाळी आखडते. लेव्होडोपाच्या अल्प मात्रेने ते जवळजवळ पूर्ववत होऊ शकते. जन्माचा इतिहास आणि एमआरआय निदानाशी जुळत नसतील, तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

अखेर एका डॉक्टरांनी पुतण्यालाच विचारले, “तुला काय हवंय?” आम्हाला वाटले, हात. त्याने अक्षरांच्या फळ्यावर डोळे फिरवले आणि दोनच अक्षरे दाखवली : मा, न. मान दुखत असल्यामुळे त्याला रात्र-रात्र झोप लागत नव्हती. तीस वर्षे आम्ही त्याच्या हाताकडेच पाहत होतो.