काचपेटीतल्या मातीची दोनशे वर्षे

पूर्व लंडनमध्ये डॉक्टरकी करणाऱ्या नॅथॅनियल वॉर्ड यांना नेचे लावायची हौस होती, पण शहराच्या धुरात ते जगत नसत. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बाटलीत ठेवला आणि तोंड बंद केले. काही दिवसांनी मातीतून नेचा आणि गवत उगवले. दिवसा वाफ काचेवर धरायची, थेंब होऊन पुन्हा मातीत उतरायची. वरून पाणी घालायची गरजच नव्हती. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून जहाजाने पाठवलेली झाडे सिडनीला धडधाकट पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपे याच पेट्यांतून भारतात आणली.

काचेआड पुढे प्राणीही आले. १८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी खास घर उघडले. जगातले ते पहिलेच. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाळणाऱ्यांनी रोग आणि परजीवींच्या धास्तीने पेटीतून मातीच हद्दपार केली. तळाला वर्तमानपत्र, कोपऱ्यात पाण्याची वाटी, दर आठवड्याला धुलाई. प्राणी जगायचा, पण त्याला ना उकरायला काही, ना लपायला.

माती परत आणली ती मुख्यतः विषारी बाण-बेडकांच्या शौकिनांनी. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या या इवल्या बेडकांना सतत दमट हवा आणि पालापाचोळा लागतो. अटलांटा बोटॅनिकल गार्डनमध्ये वृक्षनेच्याचे तंतू, पीट, कोळसा, शेवाळ आणि झाडाची साल यांचे मिश्रण तयार झाले. ‘एबीजी मिक्स’ म्हणून ते आजही चालते. खाली भाजक्या मातीच्या गोळ्यांचा थर, त्यावर जाळी, मग हे मिश्रण, सर्वांत वर वाळलेली पाने.

खरी कामकरी मंडळी मात्र पानांखाली असतात. स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीव कोळशाच्या डबीत वाढवतात. डबीत पाणी ओतले की टाचणीच्या टोकाएवढे पांढरे जीव पीठ भुरभुरल्यासारखे वर तरंगतात. ते पाणी पेटीत ओतायचे. हे जीव बुरशी फस्त करतात. खेकड्यांच्या नात्यातले आयसोपॉड कुजकी पाने आणि विष्ठा कुरतडतात. विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेट करतात आणि झाडे ते शोषून घेतात.

तरीही ही पेटी म्हणजे जंगल नव्हे. बाण-बेडकांचे विष त्यांच्या जंगलातल्या मुंग्या आणि बारीक कोळीकिड्यांतून येते; काचेआड फळमाश्यांवर वाढलेला बेडूक बिनविषारी राहतो. १९९९ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या निळ्या बाण-बेडकावरून कायट्रिड बुरशीची नवी जात शास्त्रात नोंदली गेली. उभयचरांच्या अनेक जाती हिने संपवल्या आहेत. म्हणूनच पेटीतले पाणी किंवा माती ओढ्यात, बागेत टाकू नये. रानातला बेडूक उचलून पेटीत आणणे तर नकोच.

आपल्याकडे घोरपड, अजगर, तारा कासव घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सायटीस या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी पाळायचे तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. तेव्हा आधी कायदा नीट वाचा, पेटी मांडून दीड-दोन महिने प्राण्याविना चालू द्या आणि पहिली बुरशी येऊन ओसरली, की मगच प्राणी आणा.