तहकूब दुरुस्तीचे दप्तर

अहमदाबादच्या विमान दुर्घटनेस पंधरवडाही लोटला नसताना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या पथकांनी दिल्ली व मुंबई विमानतळांवर रात्री-पहाटे केलेल्या तपासणीचे जे निष्कर्ष २४ जून २०२५ रोजी प्रसिद्ध झाले, त्यांपैकी झिजलेल्या टायरांमुळे रोखलेल्या विमानाची आणि धावपट्टीवरील पुसट मध्यरेषेची चर्चा सर्वत्र झाली. परंतु दुरुस्त म्हणून नोंदविलेला दोष त्याच विमानात पुनःपुन्हा उद्भवल्याची अनेक उदाहरणे आढळली, हा त्यांहून गंभीर शेरा मात्र दुर्लक्षितच राहिला.

मुंबईत घाटकोपरच्या डोक्यावरून उतरणाऱ्या विमानातील प्रत्येक वस्तू चालू असतेच असे नाही. कोणता भाग नादुरुस्त असताना, कोणत्या अटींवर उड्डाण करता येईल याची मंजूर यादी, जिला सहारच्या विमानतळावर सारे ‘एमईएल’ म्हणतात, प्रत्येक कंपनीजवळ असते. तीत ‘बी’ वर्गाच्या दोषास ३, ‘सी’ वर्गास १० आणि ‘डी’ वर्गास १२० दिवसांची मुदत मिळते. दुरुस्तीची ही तहकुबी कायदेशीर आहे, आणि माझ्या मते रास्तही. खरा घात होतो तो तहकुबीही न घेता केलेल्या तात्पुरत्या मलमपट्टीने: दोन फेऱ्यांमधील अपुऱ्या वेळात संगणक बंद करून पुन्हा सुरू करावयाचा, जमिनीवरची चाचणी उत्तीर्ण झाली की टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, ‘तपासले, ठीक’ असा शेरा मारून सही करावयाची, आणि आकाशातील थंडीत व कंपनात तोच दोष उद्भवला की पुढच्या पाळीच्या अभियंत्याने तो नवाच समजून आरंभापासून हाताळावयाचा.

२८ डिसेंबर २०१४ रोजी सुराबायाहून सिंगापूरला निघालेले एअरएशियाचे विमान जावा समुद्रात कोसळून १६२ माणसे गेली, तेव्हा इंडोनेशियाच्या चौकशीत आढळले ते हे की सुकाणूची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेतील डाखाच्या जोडास तडा गेला होता, आणि तिचा बिघाड मागील १२ महिन्यांत २३ वेळा नोंदला गेला होता. त्या तड्यानेच विमान पाडले असे नव्हे. त्या दिवशी इशारा वारंवार उमटल्यावर वीजजोडणी तोडून-जोडून पाहण्याचा जो उपाय झाला, त्याने स्वयंचलित नियंत्रण सुटले व पुढे वैमानिकांना विमान सावरता आले नाही. तेवीस नोंदी एकत्र वाचण्याची तजवीज मात्र कोणी केली नव्हती.

आपल्या महासंचालनालयाने सुधारणेस ७ दिवस दिले, पण कंपन्यांची नावे गुप्त ठेवली. कोणत्या कंपनीच्या विमानात कोणता दोष कितीदा उलटला, याचा तक्ता त्याने दर तिमाहीस प्रसिद्ध करावा.