वऱ्हाडातले मिशनचे दवाखाने

मिशनरी वैद्यकसेवा म्हटली की आफ्रिका आठवते, अल्बर्ट श्वाइट्झर आठवतात. मराठी वाचक फार तर मिरजेच्या डॉ. वॉनलेसांचं नाव घेतो. वऱ्हाडाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. ज्या नाझरीन चर्चचे डॉ. डेव्हिड हिंड 1925 साली आफ्रिकेतल्या स्वाझीलंडला गेले, त्याच चर्चच्या डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 मध्ये आपल्याकडे आल्या.

स्पायकरबाईंनी 1938 मध्ये वाशीमला एका जुन्या शाळेच्या इमारतीत रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1998 मध्ये. सुरुवात बायका-मुलांपासून झाली, आणि ते शहाणपणाचंच होतं. पुरुष डॉक्टरला अंग दाखवायचं नाही म्हणून दुखणं अंगावर काढणाऱ्या बायकांना इथे बाई डॉक्टर भेटली. पुढे नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं. माझ्या मते वाशीमचं सगळ्यात मोठं देणं हेच. परदेशी डॉक्टर आज ना उद्या परत जाणार. इथल्या शिकलेल्या मुली इथेच राहणार.

अकोला-खामगावकडे अलायन्स मिशन या दुसऱ्या ख्रिस्ती मिशनचा भर अनाथ मुलांवर होता. 1899-1900 च्या दुष्काळात ती गरज फारच मोठी होती.

अचलपूर-मेळघाटात कोरकू आदिवासींमध्ये काम करणारे मिशनरी तर एकोणिसाव्या शतकातच पोचले होते. परतवाड्याजवळचं कोठाऱ्याचं कुष्ठरोग रुग्णालय त्याच परंपरेतलं. आज ते लेप्रसी मिशन चालवतं. कुष्ठरोगात गोळी जंतू मारते, पण मेलेली नस परत आणत नाही. पायाला संवेदना नसली की काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते. म्हणून रोज पाय निरखायचे, पाण्यात भिजत ठेवायचे, निबर कातडी दगडाने हलक्या हाताने घासायची, वर तेल लावायचं. चप्पल वापरायची ती मऊ, बारीक छिद्रांच्या एमसीआर रबराची. हे रुग्णाला शिकवायला ऑपरेशनपेक्षा जास्त चिकाटी लागते.

धर्मांतराचा प्रश्न टाळून हा आढावा पुरा होणार नाही. धर्मप्रचार हा आपला हेतू मिशनने कधी लपवला नाही. दुखणाइताच्या उशाशी प्रचार करणं मला पटत नाही, हे स्पष्ट लिहितो. पण ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं त्यांच्या जखमा धुवायला आपल्यातले किती जण पुढे आले, हेही विचारायला हवं. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारून त्याला कृतीने उत्तर दिलं. त्यांच्यासारखे आणखी निघायला हवे होते.

देशपातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं 2005 च्या अखेरीस जाहीर झालं. त्याचा अर्थ रोग्यांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं, इतकाच. नवे रुग्ण अजूनही सापडतात. तेव्हा अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. औषध फुकट मिळतं, आणि रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावं लागतं.