गांडुळं स्वस्त, शेण महाग

आलापल्लीच्या आसपास गांडूळखताचा धंदा काढायचं कुणाच्या मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गांडुळं कुठून आणायची? खरं तर या धंद्यात सगळ्यांत सहज मिळणारी वस्तू तीच. घोडं अडतं ते शेणावर, पाण्यावर आणि गिऱ्हाइकावर. हिशेब असा उलटा धरल्यामुळेच पुढचे बहुतेक गैरसमज तयार होतात.

भोवती एवढं जंगल, पावसाळ्यात जिथे खणावं तिथे गांडुळं, मग पैसे मोजून कशाला आणायची, असं वाटणं साहजिक आहे. पण धानाच्या बांधीत किंवा रानात खणताना सापडतात ती बहुतेक माती खाऊन मातीतच राहणारी. शेणाच्या बेडमध्ये ती टिकत नाहीत. खतासाठी लागतात ती वरच्या थरात राहून कुजका पाला आणि शेण खाणारी. आयसेनिया फेटिडा, युड्रिलस युजेनी आणि पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस या तीन जाती आपल्याकडे चालतात. पहिली मूळची युरोपातली, दुसरी पश्चिम आफ्रिकेतली, तिसरी आपल्याच भागातली. उलट बाजूनेही हेच खरं. खताबरोबर ही गांडुळं बांधीत टाकली म्हणून तिथे संसार थाटत नाहीत, कारण चिखल आणि उभं पाणी हे त्यांचं घर नव्हे. आणि एका गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात, ही तर निव्वळ दंतकथा. डोक्याकडचा भाग कधी वाचतो, शेपटीकडचा बहुधा मरतो. वाढ होते ती अंड्यांच्या कोषांतून.

ही वाढ इतकी झपाट्याने होते की चांगल्या बेडमधली गांडुळं दोन-तीन महिन्यांत दुप्पट होऊ शकतात. म्हणून ‘गांडुळं आमच्याकडून घ्या, वाढलेली आम्हीच परत घेऊ’ असं कुणी सांगू लागलं की सावध व्हावं. आज घेणारा वर्षभरात स्वतःच विकणारा होतो, शेजारी तर किलो-दोन किलो फुकटही देतो. मग तो परत घेणारा एवढी गांडुळं नेणार कुठे? नव्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्यापलीकडे त्याला वाट नसते, आणि नवी गिऱ्हाइकं संपली की खेळ संपतो. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातली ‘बी अँड बी वर्म फार्म्स’ ही अशीच परत-खरेदीची कंपनी २००३ मध्ये बुडाली आणि तिच्या भरवशावर गांडुळं पाळणारे उघड्यावर पडले. एवढं लांब जायलाही नको. २०१२ मध्ये तमिळनाडूत इमूचा आणि २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथ कोंबड्यांचा बाजार याच रीतीने उठला. गांडुळं किलोच्या हिशेबाने घ्यावीत (किलोत मोठी गांडुळं साधारण हजारभर भरतात), एका बेडला चार-पाच किलो पुरे, आणि पुढची घरचीच वाढवावी.

आता शेणाकडे येऊ. ‘गावात ढोरं भरपूर, शेण फुकट’ हे वाक्य या भागात हमखास ऐकू येतं. ढोरं आहेत, पण ती दिवसभर रानात चरतात आणि शेण तिथेच पडतं. गोठ्यात मिळतं ते रात्रीचं, गावठी जनावरामागे चार-पाच किलो. १२ फूट लांब, ४ फूट रुंद आणि २ फूट उंच अशा प्लास्टिक बेडमध्ये दीड टनाच्या आसपास माल मावतो. म्हणजे दहा जनावरांचं महिनाभराचं शेण एका बेडात जातं आणि दोनेक महिन्यांनी त्यातून सहा-सातशे किलो खत निघतं. पहिल्या खेपेला तीन महिनेही लागतात. दहा बेड सतत चालू ठेवायचे तर पन्नास जनावरांचा गोठा लागेल. शिवाय त्याच शेणावर घरच्या शेतीचा, सारवणाचाही हक्क असतो. तणस आणि पाला मिसळून शेण पुरवता येतं, तरी धंदा म्हटलं की शेण विकत घेण्याची तरतूद आधी हवी, बेड नंतर.

आलापल्ली म्हणजे सागवान, तेव्हा आरागिरणीचा भुसा आणि सागाचा पाचोळा फुकट मिळेल, हाही हिशेब बरेच जण मांडतात. भुशात कर्ब प्रचंड आणि नत्र नावापुरतं, त्यामुळे तो कुजायला फार वेळ घेतो. त्यातून सागाच्या लाकडात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात. त्यांच्यामुळेच तर वाळवी सागापासून लांब राहते. ज्या गुणाने साग टिकतो तोच गुण खताच्या आड येतो. पाचोळा चालतो, पण बारीक करून, शेणकाल्यात भिजवून, आधी नीट कुजवून. आणि तो आपल्या बांधावरचा असावा. राखीव जंगलातला पालासुद्धा वनोपज आहे, त्याला कायदा लागतो. २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेल्या ‘वनवैभव’च्या ६ हेक्टरांत तर काडीलाही हात लावू नये.

ताजं शेण थेट भरणं ही सर्रास होणारी चूक. ते तापतं आणि गांडुळं मरतात किंवा पळतात. पंधरा-वीस दिवस ढीग लावून, पाणी मारून, एकदा उलथून घ्यावं. हात आत खुपसला आणि ऊब लागली नाही, की गांडुळं सोडावीत. ओल तपासायला यंत्र लागत नाही. मूठभर माल घट्ट दाबला की बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त, हात कोरडाच राहिला तर कमी. दुर्गंधी सुटली म्हणजे कुठेतरी हवा कोंडली आहे. ‘गांडूळखताला वास असतोच’ असं म्हणून ती खपवून घेऊ नये.

पक्की शेड, सिमेंटची टाकी, यंत्रं याशिवाय धंदा होत नाही, असं सांगणारे पुष्कळ. अनुदान मिळतं म्हणून टाकी आधी बांधायची आणि शेणाचा विचार मागाहून करायचा, मग त्या टाकीत सरपण ठेवायचं, हा प्रकार नवा नाही. बांबूचे ताटवे, वर गवताचं छप्पर, पाण्याची खात्रीची सोय, गोणपाट, झारी, ४ मिलिमीटरची चाळणी आणि वजनकाटा, एवढ्यावर सुरुवात होते. पैसा खर्चायचाच तर छपरावर आणि पाण्यावर खर्चावा. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांकडे जातो आणि बेडमध्ये ३५ च्या वर गेलं की गांडुळं टिकत नाहीत. पावसाळ्यात उलट बेडमध्ये पाणी साचून ती गुदमरतात, म्हणून जागा उंचवट्यावरची निवडावी. मुंग्यांसाठी भोवती पाण्याची चर काढावी. कोंबड्या आणि रानडुकरांसाठी कुंपण हवंच.

विक्रीतला सगळ्यांत महागडा गैरसमज म्हणजे ‘हे घातलं की युरिया नको’. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखतात नत्र किमान १ टक्का असावं लागतं. युरियात ते ४६ टक्के असतं. ४५ किलोंच्या एका युरियाच्या गोणीइतकं नत्र द्यायला गांडूळखताच्या ५० किलोंच्या चाळीसेक गोण्या लागतील. असं आश्वासन देऊन धानवाल्याला माल विकला तर तो दुसऱ्या वर्षी फिरकणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. जमिनीचा पोत, ओल धरून ठेवण्याची ताकद, सूक्ष्मजीव हे या खताचे खरे गुण. ते पऱ्ह्यांच्या वाफ्याला, भाजीपाल्याला, मिरचीला आणि रोपवाटिकेला उपयोगी पडतात. गिऱ्हाईक तिथेच शोधावं, तेही जवळपास. चंद्रपूर शंभरावर किलोमीटर लांब आहे, आणि एवढ्या स्वस्त, वजनदार मालाचा नफा गाडीभाड्यातच जिरतो.

गोणीवर नाव छापून विकायचं असेल तर तोच खत नियंत्रण आदेश आडवा येतो. ओल १५ ते २५ टक्के, ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारा, असे त्याचे निकष आहेत. तेव्हा गोण्या छापायला टाकण्याआधी एक नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि परवान्याचं कृषी कार्यालयात विचारून यावं. माल काढायच्या चार-पाच दिवस आधी पाणी बंद करावं, वरचं खत उजेडात ढिगाने ठेवावं. गांडुळं आपणहून खाली जातात, वरचं चाळून घेता येतं. ती परत बेडात सोडली की पुढच्या खेपेला सुरुवात.