कैची म्हणजे कात्री नव्हे!

मित्रांनो, एक कोडं घालते. रोजच्या वर्तमानपत्राचे दहा मोठे कागद घ्या. दीड फूट अंतरावर दोन बाकं ठेवा. आता या कागदांचा पूल एका बाकावरून दुसऱ्या बाकावर टाका. सांगा बरं, त्या पुलावर शंभर पानी वह्या किती राहतील?

आमच्या वर्गात कुणी म्हणालं पाच, कुणी म्हणालं पन्नास. मी म्हणाले, "तीस तरी नक्की!" प्रत्यक्षात आमच्या गटाच्या पुलावर दोन राहिल्या. दोनच! तिसरी ठेवायच्या आत पूल जमिनीवर आला, आणि त्याच्याबरोबर माझा तोराही.

ही गोष्ट त्या पडलेल्या पुलाची आहे.

आमचा गट

मी नववीत शिकते. विज्ञानाच्या बाई दर शुक्रवारी शेवटच्या तासाला पाच पाच जणांचे गट करून आम्हाला एक आव्हान देतात. गट चिठ्ठ्या टाकून ठरतात, त्यामुळे मैत्रिणी मैत्रिणी एकत्र येण्याची सोय नाही.

माझ्या गटात होते रेडिओ, पेन्सिल, बंड्या आणि शांताराम. ही टोपणनावं आहेत हं! खरी सांगितली तर शाळेत माझी खैर नाही. रेडिओ अखंड बोलतो. पेन्सिल सारखी चित्रं काढते. बंड्याला भूक लागलेली असते. आणि शांताराम? तो इतका शांत, की हजेरीला 'हजर' म्हणतो तेवढाच त्याचा आवाज आम्ही ऐकलेला. मला सगळे 'मॅनेजर' म्हणतात. का, ते पुढे कळेलच.

नियम सोपे होते. दहा कागद, एक मीटर चिकटपट्टी आणि अर्धा तास वेळ. कात्री नाही, डिंक नाही. पूल बाकांना चिकटवायचा नाही, नुसता टेकवायचा. वह्या मधोमध ठेवायच्या.

बाईंनी "करा सुरू" म्हटल्याबरोबर मी कागद ताब्यात घेतले. "हे बघा, दहाही कागद एकावर एक ठेवून जाड घडी घालायची. जाड म्हणजे मजबूत." पेन्सिल म्हणाली, "कमानीचा करू या ना!" रेडिओला झुलता पूल हवा होता. पंधरा मिनिटं आम्ही नुसते भांडत होतो. तेवढ्यात शांताराम हळूच म्हणाला, "कैची लावू या का?"

"अरे, कैची चालणार नाही!" रेडिओ ओरडला. "कात्रीला बंदी आहे, ऐकलं नाहीस का?" सगळे खो खो हसले. मीही हसले. शांतारामनं हातातल्या कागदाच्या तुकड्याचं काहीतरी केलं होतं, ते खिशात ठेवलं आणि तो गप्प बसला.

शेवटी माझंच खरं झालं. जाड पट्टा तयार झाला. पेन्सिलनं त्याला सुरेख कठडे केले. ते चिकटवण्यात निम्मी चिकटपट्टी संपली! पहिली वही ठेवली, तसा पूल झोळीसारखा खाली वाकला. दुसऱ्या वहीला त्याची टोकं बाकांवरून सरकू लागली. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

बाईंनी विचारलं, "काय चुकलं?"

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "बाई, शांतारामनं चिकटपट्टी नीट लावली नाही."

त्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. पट्टी कुठे लावायची ते मीच सांगितलं होतं. त्यानं सांगितलेल्या जागी लावली होती, इतकंच.

अर्ध्या पानाचा निबंध

घरी जाण्यापूर्वी बाईंनी प्रत्येकाला अर्ध्या पानावर 'काय चुकलं' ते लिहायला लावलं. नाव घालायचं नव्हतं. सोमवारी त्यांनी ते कागद वाचून दाखवले. बहुतेकांचं सारखंच होतं: 'आमच्या गटातले ऐकत नाहीत', 'वेळ कमी पडला', 'कागद पातळ होता'. माझंही त्यातलंच एक.

मग त्यांनी एक कागद वाचला. त्यावर एकच ओळ होती: 'मला जे सुचलं होतं ते मी नीट समजावून सांगितलं नाही.'

कागद बाईंच्या हातात होता, पण पहिल्या बाकावरून मला अक्षर दिसत होतं. गोल, किंचित डावीकडे झुकलेलं. शांतारामचं! ज्याला आम्ही हसलो, ज्याच्यावर मी खोटा आळ घेतला, त्यानं दोष स्वतःकडे घेतला होता. माझे कान गरम झाले.

बाईंना कळलं होतं की नाही, कोण जाणे. पण त्यांनी कागद मिटला आणि एक गोष्ट सांगितली. १० ऑगस्ट १९७९ या दिवशी श्रीहरिकोटा इथून 'एसएलव्ही-३' हा भारताचा अग्निबाण उपग्रह घेऊन उडाला आणि थोड्याच वेळात बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. पत्रकारांपुढे उत्तरं द्यायची वेळ आली, तेव्हा 'इस्रो'चे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पुढे झाले आणि त्यांनी अपयशाची जबाबदारी घेतली. १८ जुलै १९८० रोजी त्याच अग्निबाणानं 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. या वेळी धवन यांनी पत्रकारांपुढे कलामांना पाठवलं. ही आठवण पुढे कलामसाहेबच आपल्या भाषणांतून सांगत असत.

"अपयश आलं की पुढे कोण होतं आणि यश आलं की पुढे कोणाला करतं, यावरून गट ओळखावा," बाई म्हणाल्या. "येत्या शुक्रवारी पुन्हा तेच आव्हान. गटही तेच."

सायकल स्टँडवरचा धडा

शाळा सुटल्यावर मी शांतारामला सायकल स्टँडवर गाठलं. काय बोलावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. चूक माझी होती. उद्या बाईंनाही सांगणार आहे."

तो म्हणाला, "जाऊ दे गं." मग थोडं थांबून, "तुला कैची बघायचीय?"

त्यानं वर बोट दाखवलं. स्टँडच्या पत्र्याखाली लोखंडाचे त्रिकोणच त्रिकोण होते. दोन तिरके अँगल वर एकमेकांना भिडलेले, खाली एक आडवा, मध्ये एक उभा. इतकी वर्षं मी त्याखाली सायकल लावत होते, पण मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं.

"हिला कैची म्हणतात. छपराचं सगळं ओझं हीच पेलते," शांताराम म्हणाला. त्याचे वडील पत्र्याच्या शेड उभारण्याचं काम करतात. सुट्टीत तोही त्यांच्याबरोबर जातो. "चौकोन ढकलला की कलतो. त्रिकोण कलत नाही. आणि पत्रा बघ, सपाट आहे का?"

नव्हता. पन्हळी होता. लाटा लाटांचा.

"सपाट पत्रा मधेच वाकला असता. या वळ्यांमुळे ताठ राहतो. कागदाचंही तसंच."

त्यानं खिशातून तो शुक्रवारचा तुकडा काढला. चुरगळला होता, पण ओळखू येत होता. कागदाच्या बारीक नळ्यांचा, बोटाएवढा, नीटनेटका त्रिकोण. आम्ही हसलो तेव्हा त्याच्या हातात आमच्या कोड्याचं उत्तर होतं!

दुसऱ्या दिवशी मी बाईंना खरं काय ते सांगितलं. त्या फक्त म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस."

घरी आईला सगळं सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आमच्या बचत गटात पण असंच व्हायचं. दोघी तिघीच बोलायच्या. मग आम्ही फेरी सुरू केली. प्रत्येकीनं बोलायचं, आणि एकीचं होईपर्यंत दुसरीनं तोंड उघडायचं नाही." मी ती युक्ती उचलली.

पुन्हा शुक्रवार

या वेळी बाईंनी आधी एक गंमत सांगितली. परदेशात असंच एक आव्हान प्रसिद्ध आहे. अठरा मिनिटांत शेवयांसारख्या लांब, कडक स्पॅगेटीच्या वीस काड्या, थोडी दोरी आणि चिकटपट्टी यांचा उंच मनोरा करायचा आणि टोकावर मार्शमेलो नावाची मऊ मिठाई ठेवायची. टॉम वूजेक यांनी हा खेळ अनेक गटांकडून करून घेतला आणि २०१० साली एका भाषणात त्याचे निकाल सांगितले. व्यवस्थापन शिकलेल्या तरुणांपेक्षा बालवाडीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांचे मनोरे सरस ठरत होते!

असं का? मोठी माणसं आधी 'साहेब कोण' ते ठरवतात, मग आराखडा काढतात, आणि अगदी शेवटच्या क्षणी मिठाई वर ठेवतात. मनोरा कोसळतो आणि वेळ संपलेला असतो. लहान मुलं सुरुवातीपासूनच मिठाई ठेवून बघतात. पडलं की पुन्हा करतात. म्हणजे चुका दोघांच्याही होतात, पण मुलांच्या वेळेत होतात.

आमची फेरी सुरू झाली. प्रत्येकाला एक मिनिट. रेडिओला गप्प बसणं फार जड गेलं, त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं! शांतारामनं कैची समजावून सांगितली. पेन्सिलनं ती झटकन कागदावर उतरवली. बंड्या म्हणाला, "नळ्या मी करतो. आई पोळीच्या सुरळ्या करते ना, तशा घट्ट." आणि खरंच, त्याच्यासारख्या घट्ट नळ्या वर्गात कुणाच्याच झाल्या नाहीत.

एक लांब नळी खाली आडवी. दुसरी मधोमध वाकवून तिच्यावर छपरासारखी. मध्ये एक छोटी उभी नळी. झाली कैची. अशा दोन, आणि त्यांच्यामध्ये पन्हळी घड्यांचा कागदी रस्ता. मी विचारलं, "खालची नळी कशाला? छप्पर तर वर आहे." शांताराम म्हणाला, "वजन पडलं की तिरक्या नळ्यांचे पाय बाहेर पसरतात. खालची नळी त्यांना धरून ठेवते. आणि मधली उभी नळी खालच्या नळीला वरून उचलून धरते."

दहाव्या मिनिटाला आम्ही अर्धवट पुलावर एक वही ठेवून पाहिली. दोन्ही कैच्या एकमेकींकडे कलल्या! मागच्या वेळी इथे भांडण झालं असतं. या वेळी पेन्सिल म्हणाली, "वरून एक आडवी नळी बांधू." रेडिओ म्हणाला, "मग वह्या कुठून ठेवायच्या?" बंड्या म्हणाला, "बाजूनं सरकवायच्या, भट्टीत पाव सरकवतात तशा!" वीस मिनिटं हातात होती, म्हणून दुरुस्ती जमली.

पाच वह्या. दहा. पंधरा. वर्ग मोजत होता. सतराव्या वहीला रेडिओनं डोळे मिटले. अठरावी ठेवली आणि कर्र आवाज करत टोकाचा सांधा सुटला.

सतरा! पहिला नंबर मात्र आमचा नाही आला. दुसऱ्या एका गटानं एकवीस वह्या पेलल्या. पण दोनावरून सतरावर आलेला गट आमचाच होता.

बाईंनी पुन्हा विचारलं, "काय चुकलं?"

"टोकाच्या सांध्याला चिकटपट्टी कमी पडली," मी म्हणाले. "पट्टी वाटून द्यायचं काम माझं होतं."

"आणि जमलं कसं?"

"ते शांताराम सांगेल."

तो उठला, फळ्यापाशी गेला, खडू घेतला आणि त्रिकोण काढला. त्या दिवशी शांताराम पाच मिनिटं बोलत होता, आणि हजेरीबाहेरचा त्याचा आवाज वर्गानं पहिल्यांदाच ऐकला. 'कैची' म्हटल्यावर या वेळी कुणी हसलं नाही.

मॅनेजर हे नाव मला अजून आहे. पण हल्ली गट जमला की माझं पहिलं वाक्य "हे बघा" असं नसतं. "कुणाचं बोलायचं राहिलंय?" असं असतं.

तुम्हीही करून पाहा

१. वहीचा एक कागद दोन पेल्यांवर आडवा ठेवा आणि मध्ये रुपयाची नाणी ठेवत जा. कागद लगेच वाकेल. आता त्याच कागदाला कागदी पंख्यासारख्या घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. किती नाणी राहिली, ते मोजा. हाच आपला पन्हळी पत्रा!

२. काडेपेटीच्या काड्यांची गुलाची टोकं मोठ्या माणसांकडून काढून घ्या. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे सांध्याला वापरून एक चौकोन आणि एक त्रिकोण करा. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी ही युक्ती देशभरच्या मुलांपर्यंत पोचवली. आता दोन्ही आकार बोटानं ढकला. कोणता कलतो?

३. तुमच्या गावात कैच्या कुठे कुठे दिसतात ते शोधा. बाजारातली शेड, एस. टी. स्टँड, रेल्वेचा लोखंडी पूल... कोलकात्याचा १९४३ साली खुला झालेला हावडा पूलही पाहा, निदान चित्रात. त्यात किती त्रिकोण आहेत, ते मोजता मोजता दमून जाल!

४. हे एकट्यानं करू नका. चौघांना बोलवा. आणि त्यातला जो सगळ्यात कमी बोलतो, त्याला आधी विचारा.